सेंद्रिय शेती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

हल्लीं शेतकीच्या सभांतून कृत्रिम बुद्धिमत्तेची वार्ता वारंवार ऐकूं येते. सेंद्रिय शेती करणारे कित्येक बंधु म्हणतात, ‘हें रासायनिक शेतीवाल्यांचें खूळ, आपणांस त्याचें काय?’ आमचें मत याच्या उलट आहे. या साधनाची खरी गरज सेंद्रिय शेतकऱ्यासच अधिक आहे. मात्र तें कोठवर वापरावें, ही मर्यादा त्यानें प्रथम बांधून घ्यावी.

कपाशीचेंच उदाहरण घेऊं. सेंद्रिय कापसांत बीटी बियाणें चालत नाहीं व रासायनिक कीटकनाशकही चालत नाहीं. गुलाबी बोंडअळीवर ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक सोडतात. तो किडीच्या अंड्यांत वाढून तीं निकामी करतो. परंतु अळी बोंडांत शिरल्यावर त्याचा कांहीं इलाज चालत नाहीं. सबब कामगंध सापळ्यांत लागोपाठ ३ रात्रीं ८-८ पतंग सांपडले, हें वेळेवर कळणें हाच निम्मा उपाय होय. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें सापळ्यांतील पतंग छायाचित्रावरून ओळखून मोजणारा व तें मोबाइलवर कळविणारा सापळा तयार केला आहे. रोज पतंग मोजीत हिंडणाऱ्यास ही मदत लहान नव्हे.

परंतु मोजणी निराळी व सल्ला निराळा. यंत्र पूर्वीच्या नोंदींवरून शिकतें, आणि त्यांतील बहुतेक नोंदी रासायनिक शेतीच्या. पानावरील डाग दाखवून उपाय विचारल्यास तें एखाद्या रासायनिक औषधाचेंच नांव सहज सांगेल. घरांतील मुलानें तें आणून फवारलें, तर प्रमाणपत्र जाण्याची पाळी येते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत हंगामी पिकास पेरणीपूर्वीं निदान २ वर्षें, फळबागेस पहिल्या तोडणीपूर्वीं निदान ३ वर्षें रूपांतराचा काळ सांगितला आहे. गेलेलीं वर्षें यंत्र भरून देत नाहीं.

तिसरी गोष्ट वहीची. महसूल खात्यांत आमची हयात गेली. पीकपाहणी चावडींत बसून लिहिली म्हणजे कागदावर तूर उभी राहते व शेत पडीत असतें, हें आम्ही जाणतों. २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीमुळें शेतकरी स्वतः शेतांतून छायाचित्रासह नोंद करूं लागला, हें योग्यच झालें. सेंद्रिय शेतीची वहीही तशीच असावी. यंत्रानें बेरीज करावी, राहिलेली तारीख दाखवावी. न घातलेलें शेणखत त्याजकडून लिहवून घेऊं नये. गिऱ्हाईक अधिक दर देतें तो या वहीच्या भरंवशावर.

तेव्हां प्रत्येक सेंद्रिय गटानें हंगामापूर्वीं ठराव करावा: मोजणी यंत्राची, फवारणीचा निर्णय गटाचा, आणि वहींतील नोंद ज्याचें शेत त्याची.