विसरलेलें नांव

या खेपेस विषय थोडा रूक्ष आहे. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या अनेक घरांत तो आज ना उद्यां उपस्थित व्हावयाचा, म्हणून घेतला आहे. नौपाड्यांतल्या आणि डोंबिवलींतल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठीं एकामागून एक रिकाम्या होत आहेत, आणि घर रिकामें करावयाचें म्हटलें कीं माळा उतरवावा लागतो. जेथून पूर्वी घंगाळें, पोथ्यांचीं बासनें आणि मोडके पाळणे निघत, तेथून आतां संगणकहि निघूं लागले आहेत. असें यंत्र सुरू केलें आणि पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं, तर तें मेलें असें ठरवून भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्याची घाई करूं नये. त्यास कांहीं प्रश्न विचारावे, आणि ते क्रमानें विचारावे. तो क्रम एका घडलेल्या उदाहरणानें दाखवितों.

आमचे थोरले बंधू एका संस्थेच्या संगणकविभागांत होते. त्या संस्थेनें जुनीं यंत्रें लिलावांत काढलीं, तेव्हां त्यांतलें एक त्यांनीं ठाण्याच्या घरीं आणलें. तें होतें सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचें 'स्पार्कस्टेशन ५', १९९४ सालीं बाजारांत आलेलें; बसावयाच्या पाटाएवढें चपटें खोकें. युनिक्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या अशा यंत्रांस 'वर्कस्टेशन' म्हणत, आणि तीं बहुधा विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत असत. ही कंपनी १९८२ सालीं निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. 'सन' हें नांव सूर्यावरून घेतलें असें पुष्कळांस वाटतें, पण तीं स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९८ सालीं पुढें आणलेला 'परम १००००' हा महासंगणक याच कंपनीचीं यंत्रें एकमेकांस जोडून केलेला होता. २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलनें विकत घेतली.

निवृत्तीनंतर दादांनीं त्या यंत्रावर अमरकोशांतील शब्दांची मराठी अर्थांसह एक सूची करावयास घेतली होती. ते गेले त्याला नऊ वर्षें झालीं. सूचीची छापील प्रत नाहीं. जें कांहीं आहे तें यंत्रांतल्या तबकडीवर, आणि यंत्र उघडण्याचा परवलीचा शब्द दादांबरोबरच गेला. घर सोडण्याची तारीख जवळ आली तशा वहिनी एवढेंच म्हणाल्या, "जेवणें झाल्यावर रात्री रात्री बसत होते हो. तें किलोच्या भावानें जाऊं नये." मग आमचा डोंबिवलीचा नातू, जो अभियांत्रिकी शिकतो, तें खोकें भाड्याच्या गाडींतून घेऊन गेला, आणि पुढचे तीन रविवार आम्ही त्याच्याकडे जाऊन बसलों.

नातवाचा बेत असा होता. तबकडीची जोडणी जुन्या धाटणीची, ती नव्या संगणकांत कोठेंच बसत नाहीं. म्हणून जुन्या तबकडीस हात न लावतां नवी कार्यप्रणाली तारेवरून, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या संगणकाकडून, या यंत्राच्या स्मरणांत उतरवावयाची आणि तिच्या द्वारें तबकडी नुसती वाचावयाची. कार्यप्रणाली 'नेटबीएसडी'. ती १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक विनामूल्य चालवीत आले आहेत, आणि २०२४ सालीं निघालेली तिची दहावी आवृत्तीहि या तीस वर्षांच्या यंत्रावर चालते. आजचें यंत्र पांच वर्षांत म्हातारें ठरविणाऱ्या विक्रेत्यांस ही गोष्ट कोणी तरी सांगावयास हवी.

यंत्राची कळ दाबली. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. येथें बहुतेक लोक हात टेकतात. आम्हीं नातवास न्यायशास्त्रांतला अन्वयव्यतिरेक सांगितला: जें असतां कार्य होतें आणि जें नसतां होत नाहीं, तें कारण, म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलून पहावी, दोन कधींहि नव्हे. त्यानें पडदा बदलला; फरक नाहीं. मग त्यानें जुनीं माहितीपत्रकें वाचून शोधलें कीं या जातीच्या यंत्रास त्याचा स्वतःचा कळफलक जोडलेला नसला, तर तें पडद्याशीं बोलतच नाहीं. मागच्या बाजूच्या सीरियल खांचेंतून, सेकंदास ९६०० बिट या वेगानें बोलतें. दादांचा कळफलक केव्हांच गहाळ झाला होता. एकाचें बोलणें दुसऱ्याच्या कानाशीं जाईल अशी उलटसुलट जोडलेली तार त्या खांचेंत लावतांच नातवाच्या लॅपटॉपवर अक्षरें धांवूं लागलीं. यंत्र मुकें नव्हतें; आम्ही भलत्या दाराशीं कान लावून बसलों होतों.

त्या अक्षरांत मात्र तक्रार होती: ओळखीचा मजकूर अग्राह्य आहे. प्रत्येक यंत्रास जाळ्यावर ओळखण्यासाठीं सहा आंकड्यांचा एक कायमचा क्रमांक असतो. तो येथें एका लहानशा चिपमध्यें ठेवलेला असतो, आणि तिच्याच पोटांत मोहोरबंद केलेली बॅटरी ती स्मृति जागी ठेवते. अशा बॅटरीचें आयुष्य सुमारें दहा वर्षांचें. ही कारखान्याची चूक नव्हे. तीस वर्षें कोणी हें यंत्र वापरील अशी अपेक्षाच नव्हती. स्मृति पुसल्यावर यंत्र आपला क्रमांक म्हणून सगळीकडे कमाल आंकडा दाखवूं लागलें, आणि जाळ्याच्या परिभाषेंत त्या क्रमांकाचा अर्थ 'येथें असलेले सर्वजण' असा होतो. तूं कोण, असें विचारतां तें म्हणे, 'मीच सर्व.' वेदांताच्या पाठशाळेंत त्यास शाबासकी मिळाली असती. पण प्रेषकाच्या जागीं 'सर्व' असें लिहिलेल्या पत्रास उत्तर कोण आणि कोठें धाडणार?

उपाय सोपा निघाला. यंत्र 'ओके' असें लिहून आज्ञेची वाट पाहतें, तेथें 'एमकेपी' या आज्ञेनें तो मजकूर हातानें भरतां येतो. या कंपनीचे क्रमांक ८, ०, २० अशा आंकड्यांनीं सुरू होत. पुढचे तीन घरांतल्या दुसऱ्या कोणत्याहि यंत्राचे नसले म्हणजे पुरे. यंत्राची जात वगैरे धरून एकंदर पंधरा आंकडे, आणि सोळावा त्या पंधरांवरून काढलेला ताळा. ताळा चुकला तर यंत्र सारेंच नाकारतें. आमच्या वर्गांतलीं मुलें गुणाकाराचा ताळा पहावयास कंटाळत. त्यांतलें कोणी हें वाचीत असेल तर त्यानें लक्षांत घ्यावें. आंकडे भरले, यंत्रानें आपलें नांव बरोबर सांगितलें, आणि चहा घेतो न घेतो तोंच वीज गेली. वीज आली तेव्हां यंत्र पुन्हां 'सर्व' झालेलें. मग नातवानें चिपवरचें राळेसारखें वेष्टण खरडून, आंतल्या मेलेल्या बॅटरीची जोडणी तोडून, घड्याळजीकडे मिळते तसली तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बाहेरून डाखली. हें काम डाखकामाची संवय नसलेल्यानें करूं नये.

दुसऱ्या रविवारीं 'बूट नेट' ही आज्ञा दिली. उत्तर एकच, पुन्हां पुन्हां तेंच: वाट पाहून वेळ संपली. हें समजण्यास कल्याण स्टेशन डोळ्यांपुढें आणावें. एक प्रवासी फलाटावर उतरला आहे. त्यास आपलें नांव ठाऊक, पण घराचा पत्ता ठाऊक नाहीं. तो मोठ्यानें ओरडतो, 'मी अमुक, माझा पत्ता काय?' त्याच फलाटावर नोंदवही घेतलेला कोणी असेल तरच उत्तर मिळेल. ही हांक कसाऱ्यासहि जात नाहीं आणि कर्जतासहि जात नाहीं. या हांकेस 'रार्प' म्हणतात. ती १९८४ सालीं ठरलेली रीत आहे. आपल्या घरांतले वायफायचे डबे पत्ता देतात, पण नंतर रूढ झालेल्या 'डीएचसीपी' या रीतीनें विचारल्यास. जुनी हांक त्यांस कळत नाहीं. नातवानें शेजारच्या संगणकावर नुसतें ऐकणारें एक साधन लावून आधीं एवढेंच पाहिलें कीं हांक तेथवर पोंचते कीं नाहीं. ती पोंचत होती. म्हणजे यंत्र निर्दोष, तार निर्दोष, दोष उत्तर देणाऱ्याच्या बाजूस. या एका चाचणीनें अर्धें रान मोकळें झालें. शेजारच्या संगणकावर रार्पची नोंदवही ठेवतांच उत्तर गेलें: तुझा पत्ता १९२.१६८.१.२०.

पत्ता मिळाल्यावर यंत्र त्याच नांवाची फाईल मागतें, पण सोळाच्या पायावर लिहिलेली: १९२ चें सी०, १६८ चें ए८, १ चें ०१, २० चें १४. नातवानें हिशेब बरोबर केला होता, पण अक्षरें रोमन लिपींतलीं धाकटीं घातलीं. यंत्र थोरलीं मागत होतें. आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, दिन आणि दीन यांत तुला फरक दिसतो ना? मग यंत्रास सी आणि सी यांत कां दिसूं नये?" अक्षरें बदललीं, आणि पडद्यावर आंकडे भराभर चढूं लागले. मजकूर येत होता.

शेवटची अडचण सर्वांत अवघड गेली. यंत्रानें आणलेला लहान कार्यक्रम पुढची सारी सामग्री दुसऱ्या संगणकाच्या तबकडीवरून 'एनएफएस' या पद्धतीनें मागतो, आणि तीहि तिच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीनें. नातवाच्या संगणकावरील लिनक्स नवें; त्यांतून ती आवृत्ति काढून टाकलेली. दोघेहि खरे, भाषा मात्र वेगळी. पुष्कळ खटपट करून त्यानें शेवटीं मदतनीस संगणकावरहि नेटबीएसडीच घातलें, आणि तिसऱ्या रविवारीं दुपारीं यंत्र पूर्ण जागें झालें.

येथें आमच्या वाचकांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. जागें झालेलें यंत्र प्रथम विचारतें, 'स्थापना करावयाची काय?' होय म्हटलें कीं तें तबकडीची नवी आंखणी करण्याच्या तयारीस लागतें, आणि एकदां नवी आंखणी होऊन ती भरली कीं जुनें लिखाण गेलेंच म्हणावें. नातवानें 'नाहीं' म्हणून आज्ञेची साधी ओळ घेतली आणि तबकडी केवळ वाचनासाठीं उघडली. कांहीं भाग वाचतांना ती अडखळली, दोन फाईली मुळींच आल्या नाहींत. बाकीचें सर्व उतरून घेतलें.

सूची देवनागरींत नव्हती. हॉलंडांतील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स फेल्थुइस यांनीं १९९१ सालीं टेक या मुद्रणप्रणालीसाठीं एक पद्धति बसविली. तींत रोमन अक्षरांनींच संस्कृत लिहितात: दीर्घ आकारासाठीं 'ए' दोनदां, मूर्धन्य वर्णापूर्वीं टिंब, तालव्य शकारापूर्वीं अवतरणचिन्ह. दादांनीं ती वापरली होती, म्हणून आज कोणत्याहि संगणकावर ती वाचतां येते. त्या काळच्या एखाद्या खासगी फॉन्टांत लिहिलें असतें तर नुसतीं चिन्हें उरतीं. सूची पकारापर्यंत झालेली आहे. फकारापुढें नुसते शब्द आहेत, अर्थाची जागा मोकळी. वहिनींनीं ती छापून मागितली. एकशें चाळीस पानें झालीं.

यंत्र सध्यां डोंबिवलीस नातवाच्या टेबलाखालीं आहे. ते सोळा आंकडे, ताळ्यासह, एका कागदावर लिहून त्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटविले आहेत, आणि खालीं नवी बॅटरी घातल्याची तारीख घातली आहे.