चळवळीतला विद्यार्थी निवडणुकीस उभा राहतो तेव्हा

चळवळीतल्या तरुणांविषयी एक आक्षेप वारंवार कानी येतो. विद्यार्थीदशेत जो मोर्चाच्या अग्रभागी होता, तोच पुढे निवडणुकीस उभा राहिला की लोक विचारतात, "याच्याचसाठी का हा सारा खटाटोप?" या आक्षेपात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. चळवळीच्या खांद्यावर चढून खुर्ची गाठणारे आणि खुर्ची मिळताच तो खांदा विसरणारे आपण पाहिले आहेत. परंतु काहींच्या वर्तनावरून सर्वांचा निवाडा करणे न्यायास धरून नाही. म्हणून अमेरिकेतील एका माणसाची हकिकत वाचकांपुढे ठेवितो. तिच्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत.

जॉन लुईस यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४० रोजी अलाबामा राज्यातील ट्रॉय गावानजीक एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने राबणारे. १९४४ साली बापाने ३०० डॉलर देऊन ११० एकर जमीन स्वतःची केली. मुलास वाचनाची अनावर ओढ. १९५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो सार्वजनिक ग्रंथालयात सभासद होण्यास गेला, तेव्हा ग्रंथालय गोऱ्यांसाठी आहे, असे सांगून त्यास परत पाठविण्यात आले. सार्वजनिक या शब्दात आपण मोडत नाही, हा धडा त्यास पुस्तक हाती न घेताच मिळाला.

पुढे त्याने गावच्याच सरकारी कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला. उत्तर आले नाही. त्याने मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहिले व १९५८ साली त्यांची भेट घेतली. कॉलेजावर दावा लावता येईल, असे ठरले. परंतु वयाने अज्ञान असल्यामुळे आईबापांची संमती आवश्यक होती, आणि त्यांनी ती दिली नाही. दावा लावला तर जमीन जाईल, घर जळेल, हे त्यांचे भय होते. त्या भयास भ्याडपणा म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? मुलाने आईबापांचा मान राखला आणि तो नॅशव्हिल येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात परत गेला.

तेथे जेम्स लॉसन यांचे अभ्यासवर्ग चालत. हे लॉसन १९५३ पासून तीन वर्षे आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात राहून गेलेले. त्या नगराने १९५६ साली काय पाहिले, ते आपणांस सांगावयास नको. लॉसन विद्यार्थ्यांना शिकवीत की, उपाहारगृहात जेथे बसण्यास मनाई आहे तेथेच बसावयाचे, सभ्यपणे खाण्यास मागावयाचे, अंगावर हात पडला तरी हात उचलावयाचा नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी खरोखरच जाऊन बसले. त्यांच्या अंगावर पेटत्या सिगारेटी विझविण्यात आल्या, आणि तुरुंगात मात्र मार खाणारेच गेले. लुईस यांची ती पहिली अटक. आईने पत्र पाठवून या भानगडीतून बाहेर पडण्यास विनविले. परंतु १० मे १९६० रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना प्रथमच बसून खाण्यास मिळाले. विद्यार्थ्यांनी तीन महिन्यांत हे घडवून आणले होते.

त्याच वर्षी विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली आणि १९६३ साली लुईस तिचे अध्यक्ष झाले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या विराट मेळाव्यात तेविसाव्या वर्षी ते बोलले. वक्त्यांत सर्वांत लहान तेच होते.

आता मताधिकाराच्या मुद्द्याकडे वळू. अमेरिकेच्या राज्यघटनेने १८७० सालीच मताधिकारात वर्णभेद करण्यास मनाई केली होती. परंतु वकिलीच्या धंद्यात मी जे नित्य पाहतो तेच तेथेही घडले. हक्क कागदावर राहिला आणि त्याची किल्ली कारकुनाच्या खिशात गेली. सेल्मा शहरी मतदारनोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडत असे. साक्षरतेच्या नावाखाली असे प्रश्न विचारीत की, पदवीधर शिक्षकही नापास होत. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातांचीही नोंदणी झालेली नव्हती. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० लोक सेल्माच्या पुलावरून निघाले, तेव्हा पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर चालविला. अग्रभागी असलेल्या लुईस यांची कवटी फुटली. ते दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला आणि १९६७ पर्यंत मिसिसिपीत नोंदणी शेकडा साठाच्या घरात गेली. आपल्या देशात १९५० च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढास मत दिले. ते किती मोलाचे आहे, हे सेल्माच्या त्या पुलावरून पाहावे.

एवढे करून लुईस यांना लगेच सत्ता मिळाली काय? नाही. १९६६ साली त्यांच्याच समितीने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले, कारण त्यांची अहिंसा तरुणांना मवाळ वाटू लागली होती. तेव्हा ते रुसून घरी बसले नाहीत. १९७० ते १९७७ या काळात ते दक्षिणेतील गावोगावी मतदारनोंदणीचे काम करीत राहिले. १९७७ साली अटलांटातून काँग्रेसच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पडले. १९८१ साली शहराच्या कौन्सिलात निवडून आले. ज्या तरुणांस वाटते की एका मोर्चानंतर तिकीट आणि तिकिटानंतर मंत्रिपद मिळावे, त्यांनी ही सालवारी एकदा शांतपणे वाचावी.

यानंतरचा भाग सुखाचा नाही. १९८६ साली अटलांटाच्या जागेसाठी लुईस यांच्याविरुद्ध उभे राहिले ते ज्यूलियन बॉन्ड. हे त्यांचे जुने मित्र, त्याच समितीचे प्रसिद्धिप्रमुख. १९६६ च्या जानेवारीत जॉर्जियाच्या विधिमंडळाने व्हिएतनाम युद्धावरील मतामुळे बॉन्ड यांना निवडून येऊनही आसन नाकारले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते परत मिळवून दिले होते. म्हणजे दोघेही कसास लागलेले. पहिल्या फेरीत बॉन्ड पुढे होते. मग लुईस यांनी मादक द्रव्यांच्या तपासणीचे आव्हान मित्रास जाहीरपणे दिले. दुसऱ्या फेरीत ते सुमारे ५२ टक्के मते घेऊन विजयी झाले. कृष्णवर्णीयांची बहुसंख्य मते बॉन्ड यांना पडली, लुईस यांना तारले ते गोऱ्या मतदारांनी. जागा मिळाली, परंतु स्नेह तुटला.

यातून काय बोध घ्यावयाचा? लुईस यांनी उभे राहण्यात चूक केली, असे मी म्हणणार नाही. एका जागेस दोन लायक माणसे असणे ही समाजाची श्रीमंती आहे. स्वजनांपलीकडच्या मतदारांकडे जाणे, हाही दोष नव्हे. जो कोणाचाही प्रतिनिधी होऊ पाहतो त्याने सर्वांच्या दारी जावेच. परंतु कालच्या सहकाऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवून मिळविलेला विजय महाग पडतो, आणि त्याची किंमत उमेदवाराबरोबर चळवळही भरते. आपल्या वस्तीत एका जागेस दोन कार्यकर्ते उभे राहतील, तेव्हा भांडण कामाचे असावे, माणसाचे नसावे. ही ताकीद देणे मतदारांच्या हाती आहे.

खुर्चीत बसून लुईस चळवळ विसरले काय, हा शेवटचा प्रश्न. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे विधेयक त्यांनी १९८८ साली आणले व ते १५ वर्षे रेटीत राहिले. २००३ साली कायदा झाला, २०१६ साली दार उघडले. चळवळीत त्यांना सुमारे ४० वेळा अटक झाली होती, काँग्रेसचे सभासद असताना आणखी पाच वेळा झाली. ज्या ग्रंथालयाने त्यांना परत पाठविले होते, त्याने १९९८ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यावर बोलावून सभासदत्वाचे कार्ड दिले. १७ जुलै २०२० रोजी मृत्यू येईपर्यंत ते आपल्या जागी होते.

मात्र त्यांच्या हयातीतच, २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९६५ च्या कायद्याचा कणा काढून घेतला. कोणत्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी, हे ठरविणारे कलमच रद्द झाले. ते सावरण्यासाठी लुईस यांच्या नावाने आणलेले विधेयक २०२१ साली कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडले. कवटी फोडून घेऊन मिळविलेला कायदाही राखण न केल्यास असा निसटतो. अशी राखण करण्यास विधिमंडळात कोणीतरी असावे लागते आणि रस्त्यावरही असावे लागते.

म्हणून मातापित्यांस माझी विनंती एवढीच की, मुलगा किंवा मुलगी चळवळीत गेली तर भय वाटेल, ते स्वाभाविक आहे, पण त्यांचे शिक्षण सुटू देऊ नका. ती उद्या निवडणुकीस उभी राहिली तर तिला हसू नका, आणि डोळे मिटून मतही देऊ नका. मागील दहा वर्षे ती कोठे होती, हरल्यावर काय करीत होती, हे विचारा. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हे मात्र तिच्या आधी स्वतः पाहून या.