घरच्या संगणकाची झोप कायमची मोडावी का?



घरात संगणक आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, मुलगी ऑनलाइन चाचणी सोडवत होती आणि मध्येच स्क्रीन काळी झाली." "मॅडम, रात्री डाउनलोड लावून झोपलो, सकाळी बघतो तर अर्ध्यावरच थांबलेलं." मग कोणीतरी जाणकार येतो, पॉवरच्या सेटिंग्जमध्ये जातो, सगळीकडे 'नेव्हर' करतो आणि सांगतो, "आता कधीच झोपणार नाही बघा!" तक्रार मिटते. पण ती सेटिंग पुन्हा जागेवर कोण आणतं? बहुतेक घरांत कोणीच नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पॉवर मॅनेजमेंट सरसकट बंद करू नये. जी गोष्ट अडते तेवढीच बदलावी, आणि काम झालं की पूर्ववत करावी. आता कारणं पाहू.

आधी हे समजून घ्या, की पॉवर मॅनेजमेंट म्हणजे एक बटण नव्हे. त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत.

१. स्क्रीन बंद होणे: यात फक्त पडदा काळा होतो. आतलं काम, डाउनलोड, गाणी सगळं चालूच राहतं.
२. स्लीप: चालू काम रॅममध्ये ठेवून बाकीचा बहुतेक संगणक थांबतो. बटण दाबलं की काही सेकंदांत सगळं होतं तसं समोर येतं. मात्र रॅमला थोडी वीज सतत लागते.
३. हायबरनेट: चालू काम हार्ड डिस्कवर लिहून संगणक जवळजवळ पूर्ण बंद होतो. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण वीज गेली तरी काम जात नाही.
४. प्रोसेसरचा वेग कमी होणे: काम नसेल तेव्हा प्रोसेसर आपला वेग आणि विजेचा वापर आपोआप कमी करतो, काम आलं की क्षणात वाढवतो. हे इतकं झटपट होतं की आपल्याला कळतही नाही.

आता वरची चाचणीची तक्रार पुन्हा बघा. व्हिडिओ चालू असला की प्लेअर स्वतःच संगणकाला जागं राहायला सांगतो. पण मूल शांतपणे उतारा वाचत असेल किंवा वहीत गणित सोडवत असेल, तर त्याचा हात ना माउसला लागतो ना कीबोर्डला. संगणकाला वाटतं, समोर कोणीच नाही. म्हणजे इथे गरज आहे ती स्क्रीन आणि स्लीपची वेळ वाढवण्याची. पाच मिनिटांची वीस किंवा तीस मिनिटं केली की काम झालं. त्यासाठी चारही गोष्टी बंद करायची काय गरज?

आता विजेचा हिशेब करू. मॉनिटरसह साधा डेस्कटॉप काही काम न करता नुसता चालू असला तरी साधारण ६० ते १०० वॉट घेतो. आपण ८० धरू. दिवसात पाच तास तो असाच रिकामा चालला, तर ८० × ५ = ४०० वॉट-तास, म्हणजे ०.४ युनिट. महिन्याला १२ युनिट, वर्षाला १४६ युनिट. तोच डेस्कटॉप ते पाच तास स्लीपमध्ये असेल आणि ३ वॉट घेत असेल, तर महिन्याचं अर्धं युनिटही होत नाही.

बारा युनिट म्हणजे किती मोठी रक्कम, असं कोणी म्हणेल. पण घरगुती बिलात स्लॅब असतात हे विसरू नका. १०० युनिटांच्या वरच्या युनिटांना दर जास्त लागतो, आणि ही वायफळ युनिटं नेमकी त्या वरच्या दरात जाऊन बसतात. दुसऱ्या बाजूने विचार करा. ८० वॉट म्हणजे ९ वॉटचे जवळपास नऊ एलईडी दिवे. रिकाम्या खोलीत नऊ दिवे रोज पाच तास जळताना दिसले, तर घरातली आजी गप्प बसेल का? संगणकाचं जळणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण सगळेच गप्प बसतो.

लॅपटॉपचा हिशेब वेगळा आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो रिकामा असताना १०-१५ वॉटच घेतो, त्यामुळे बिलात फारसा फरक पडत नाही. तिथे प्रश्न बॅटरीचा आणि उष्णतेचा. चालू लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर राहिला की हवेची वाट अडते आणि तो तापतो. बॅटरीला उष्णता सोसत नाही. बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये झाकण लावल्यावरही आत थोडं काम चालू राहतं. म्हणून दप्तरात घालण्याआधी शट डाउन किंवा हायबरनेट करा, नुसतं झाकण मिटवू नका.

मग बंद करायची वेळ कधीच येत नाही का? येते की! अशा वेळी बिनधास्त बदल करा:

• ऑनलाइन परीक्षा किंवा तुमचा स्वतःचा ऑनलाइन तास असेल, तर तेवढ्यापुरतं स्लीप बंद करा.
• रात्रभराचं डाउनलोड किंवा बॅकअप असेल, तर स्लीप बंद ठेवा, पण स्क्रीन बंद होऊ द्या. मॉनिटरची वीज तरी वाचेल.
• यूएसबीचा वायफाय किंवा माउस मधूनमधून तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या एका उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी काढून घ्या. बाकी काही छेडू नका.
• संगणक झोपतो पण उठतच नाही, असं होत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा दोष असतो. तो अपडेट करा. दुरुस्त होईपर्यंत स्लीप बंद ठेवणं योग्यच.

एक मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. अनेक गावांत वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसलेला डेस्कटॉप जागा असो की स्लीपमध्ये, वीज गेली की रॅममधलं न साठवलेलं काम जाऊ शकतं. मुलाचा दोन दिवसांचा प्रकल्प असा गेला की त्याचा चेहरा बघवत नाही. अशा घरात उत्तर 'नेव्हर' नसून हायबरनेट आहे. विंडोजच्या पॉवर मेनूत ते दिसत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरची बटणं काय करतात ते ठरवण्याच्या जागी, चालू करता येतं. जोडीला दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय हवीच.

आणि 'स्क्रीनसेव्हर आहे की लावलेला' हे उत्तर आता चालणार नाही, बरं का! जुन्या काचेच्या जाड मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा डाग उमटायचा, त्यासाठी तो होता. आजच्या एलसीडीवर त्याने वीज वाचत नाही, कारण मागचा दिवा चालूच राहतो.

शिक्षक मित्रांनो, नववी-दहावीच्या मुलांना आपण वाट, किलोवॅट-तास, युनिट शिकवतो. पुस्तकातली इस्त्री आणि गिझर यांच्या जोडीला घरचा संगणकही घ्या. मुलांना घरच्या बिलावरचा दर शोधू द्या, आपल्या घरचा संगणक किती तास रिकामा चालतो ते आठवडाभर लिहू द्या आणि हिशेब करू द्या. पालकहो, तुम्ही एवढंच करा, की सेटिंग बदलायचं काम मुलालाच सांगा आणि 'हे का बदललंस?' असं विचारा. जे मूल कारण सांगू शकतं, ते पुढच्या वेळी कोणाच्या सांगण्यावरून सगळीकडे 'नेव्हर' करणार नाही.

आज संध्याकाळी घरच्या संगणकाची सेटिंग एकदा उघडून पाहा. डेस्कटॉपसाठी स्क्रीन दहा मिनिटांनी आणि स्लीप तीस मिनिटांनी, ही सुरुवात म्हणून चांगली वेळ आहे. अडचण आली तर वेळ वाढवा. संगणकाला झोपू द्या, फक्त कधी झोपायचं ते तुम्ही ठरवा.