वेशीवर कोणाला अडवता?

"दिदी, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सोडवलंत म्हणता. पण कशातून सोडवलंत?"

तिने हे विचारलं तेव्हा तिच्यासाठी नेलेली साबण-तेलाची पिशवी अजून माझ्या हातातच होती. मुंबईतल्या एका आधारगृहातली भेटीची खोली. भिंतीवर स्त्री-सन्मानाची दोन पोस्टरं, दाराला बाहेरून कडी. ती सव्वीस वर्षांची, नेपाळच्या तराईतली. नवरा मलेशियात, दोन वर्षांत त्याचा पैसा नाही की फोन नाही. पाच वर्षांची मुलगी आईजवळ. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने सावकाराचं कर्ज, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. कुवेतला घरकामाला जायचं म्हणून ती निघाली, सुनौलीची सीमा पायी ओलांडून भारतात आली, गोरखपूरहून रेल्वेने मुंबईला पोचली, अकरा दिवस विमानतळाजवळच्या एका खोलीत इतर सात जणींबरोबर राहिली आणि शेवटी विमानतळावर तपासणीच्या रांगेतून तिला बाजूला काढलं. त्याला आता तीन महिने झाले होते. घरचा पुरुष माणूस न्यायला आल्याशिवाय सोडायचं नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं. घरचा पुरुष मलेशियात!

मैत्रिणींनो, तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. होतं ते सगळं पाठ केलेलं होतं.

ते कधी पाठ झालं हे सांगायला हवं. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीवर मोठ्या धाडी पडल्या आणि चारशेहून अधिक मुली-बायकांना बाहेर काढलं गेलं. त्यात नेपाळच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांना परत न्यायला त्यांच्याच देशाचं सरकार महिनोन्‌महिने पुढे येईना. अखेर नेपाळमधल्या संस्थांनीच त्यातल्या सव्वाशेच्या आसपास मुलींना घरी नेलं. परतलेल्यांपैकी काही जणींनी 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना उभी केली, २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. त्या काळात आम्ही कार्यकर्त्या ज्या मागण्या करत होतो त्यात एक ठळक होती : सीमेवरच मुलींना अडवा. मीही ती घोषणा दिली आहे, निवेदनांवर सह्या केल्या आहेत. कामाठीपुऱ्यातल्या त्या खोल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना दुसरं काही सुचणं कठीण होतं.

आज मला वाटतं, त्या घोषणेतले 'मुलींना' आणि 'अडवा' हे दोन्ही शब्द आम्ही नीट तपासले नाहीत. चौदा वर्षांची फसवून आणलेली पोर आणि सव्वीस वर्षांची, हिशेब करून निघालेली बाई यांना एकाच शब्दात बसवलं. आणि अडवण्यालाच संरक्षण समजलो.

नेपाळ सरकारने काय केलं ते बघा. १९८५ च्या परदेशी रोजगाराच्या कायद्यातच बाईने जायचं तर पालकाची संमती हवी अशी अट होती. १९९८ मध्ये कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या एका नेपाळी बाईचा छळानंतर मृत्यू झाला, देश हळहळला, आणि आखाती देशांत घरकामाला जायला बायकांना बंदी झाली. छळ करणारं घर कुवेतमध्ये आणि बंदी नेपाळच्या बाईवर! २००७ च्या नव्या कायद्याने स्त्री-पुरुष भेद करू नये म्हटलं. तरी २०१२ मध्ये तीस वर्षांखालच्या बायकांना आखाती देशांत घरकामाला जायला मनाई झाली. मग बायकांनी नागरिकतेच्या दाखल्यावर वय वाढवून घेतलं. २०१४ मध्ये पुन्हा सरसकट बंदी, २०१५ मध्ये थोडी ढील, २०१७ मध्ये संसदेच्या समितीच्या सांगण्यावरून परत बंदी. २०२० मध्ये दुसऱ्या समितीने सात अटी पूर्ण झाल्या तर जाऊ द्या असं सुचवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर कमाल झाली. चाळीस वर्षांखालच्या बाईने पहिल्यांदा आखाती देशांत किंवा आफ्रिकेत जायचं असेल तर घरच्यांचं आणि वॉर्ड कार्यालयाचं पत्र आणावं, असा प्रस्ताव तिथल्या इमिग्रेशन खात्याने मांडला. एकोणचाळीस वर्षांच्या बाईने कोणाची चिठ्ठी आणायची? बापाची की मुलाची? काठमांडूच्या रस्त्यावर बायका उतरल्या, ते बरंच झालं.

काठमांडूच्या विमानतळावर दार लावलं की बाई घरी परतते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सुनौलीला जाऊन यावं. भारत आणि नेपाळमध्ये १९५० चा करार आहे, सीमा खुली आहे, दोन्हीकडच्या नागरिकांना पासपोर्ट लागत नाही. साडेसतराशे किलोमीटरची सीमा. माहेर-सासर, बाजार, दवाखाना, मजुरी, सगळं तिच्या आरपार चालतं. ज्या बाईला काठमांडूहून उडता येत नाही ती चालत पलीकडे येते आणि दिल्ली-मुंबईहून उडते. फरक एवढाच की आता तिच्याजवळ श्रम-स्वीकृतीचा कागद नाही. तो कागद नाही म्हणजे विमा नाही, कल्याण निधी नाही. मेली तर घरच्यांना भरपाई नाही, आणि दूतावासाच्या वहीत ती कुवेतला आहे याची नोंदही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ मध्ये नेपाळी बायकांवरच्या या बंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचंही म्हणणं हेच : जाणं थांबलं नाही, आडवाटेने सुरू झालं.

मग आपल्या बाजूने चाळणी बारीक केली. भारतातून आखातात जाणाऱ्या नेपाळी माणसाकडे दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाचं ना-हरकत पत्र मागतात. २०१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दिल्ली महिला आयोगाने मुनिरकातून आणि नंतर पहाडगंजच्या हॉटेलातून नेपाळी बायका बाहेर काढल्या, एकट्या हॉटेलात एकोणचाळीस जणी होत्या. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या सुरुवातीला, मणिपूरमध्ये शंभराहून अधिक नेपाळी बायका सापडल्या. मोरेची सीमा ओलांडून म्यानमारमध्ये आणि तिथून विमानाने पुढे, असा बेत होता. दिल्लीचं दार जड झालं म्हणून वाट तीन देशांची झाली. वाट जितकी लांब तितके दलाल जास्त, आणि प्रत्येक दलालाचं देणं बाईच्याच डोक्यावर. आपण अडवून दलालाचा धंदा बुडवतो की वाढवतो, हा प्रश्न मी आमच्या बैठकीत विचारला तेव्हा एक जुनी सहकारी चिडली. म्हणाली, "मग काय दार उघडं टाकायचं? त्यातल्या काही जणी कुंटणखान्यात जातात, काही जणींना तिथे विकतात, हे तुला माहीत नाही का?" माहीत आहे. तिचा राग खोटा नाही. अजाण मुलीला अडवायलाच हवं, फसवणाऱ्याला पकडायलाच हवं. पण आधारगृहात तीन महिने बसली होती ती बाई, आणि तिला आणणारा दलाल जामिनावर बाहेर होता, त्याचं काय करायचं?

दुसऱ्या देशाच्या विमानतळावरून उडणं यात मुळात पाप काय आहे? माझी भाची अमेरिकेत सॅन डिएगोला असते. तिथे २०१५ च्या अखेरीपासून एक पादचारी पूल आहे, सीमेच्या कुंपणावरून थेट मेक्सिकोतल्या तिहुआना विमानतळाच्या इमारतीत उतरणारा. विमानाचं तिकीट दाखवायचं, पुलाचे पैसे भरायचे, सुमारे सव्वाशे मीटर चालायचं की परदेशी विमानतळ! भाडं स्वस्त पडतं म्हणून ती तिथून मेक्सिकोत फिरायला जाते, आणि तिला कोणी विचारत नाही की बाई गं, घरी सांगून आलीस का. लांबचं कशाला, एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे भारतातून सौदीला थेट जाता येईना तेव्हा आपलेच हजारो कामगार काठमांडूला जाऊन चौदा दिवस राहायचे आणि तिथून उडायचे. महिनाअखेरीला नेपाळने ती सोय बंद केली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांची काळजी केली, आणि ते रास्तच होतं. त्यांना कोणी 'सोडवलेले' म्हटलं नाही, आधारगृहात ठेवलं नाही, बापाला बोलावलं नाही. तो पोटासाठी निघालेला मर्द गडी. तीच वाट उलटीकडून बाईने धरली की ती पळवलेली.

आणि आपण नेपाळला नावं ठेवू नयेत. दहावी न झालेल्या आपल्या बाईच्या पासपोर्टवर ज्या अठरा देशांसाठी परवानगी लागते, तिथे तीस वर्षांखाली तिने कामाला जाऊ नये, असा नियम आपल्या सरकारनेही वर्षानुवर्षे ठेवला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, भारताने बाजूने मत दिलं, मान्यता मात्र दिली नाही. कशी देणार? आपल्या स्वयंपाकघरातल्या बाईला पगारी सुट्टी द्यावी लागेल ना!

दार लावण्याशिवाय दुसरं काही करता येतं का? येतं. २०१८ मध्ये फिलिपिन्सने कुवेतला कामगार पाठवणं थांबवलं, पण तीन महिन्यांत कुवेतकडून लेखी करार घेतला की कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही, तिचा फोन काढून घ्यायचा नाही. तेवढ्याने तिथलं सगळं सुधारलं असं नाही. पण बंदीचा रोख मालकावर होता, बाईवर नाही. कुवेतमध्ये २०१५ पासून घरकामगारांचा कायदा आहे, त्यात बारा तासांची मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी आहे. पण व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला. घर सोडलं की ती 'फरारी'. कायदा मग कोणी मागायचा? तिथे दूतावासात बाईशी तिच्या भाषेत बोलणारी बाई हवी, आसरा हवा, पगार बँकेतून हवा. हे सगळं मागायला ती आधी वहीत तरी असायला हवी, आणि वहीत यायला ती उजळ माथ्याने, आपल्या देशाच्या विमानतळावरून गेलेली असायला हवी.

तिला शेवटी सोडलं. पुरुष माणसाऐवजी आईचं पत्र आणि आमच्या गटाची हमी यावर. मी आणि एक मैत्रीण तिला पोचवायला गेलो. कुर्ल्याहून गोरखपूर, तिथून सुनौलीची बस. मालट्रकांची न संपणारी रांग, सायकलरिक्षा, नोटा बदलून देणाऱ्यांच्या टपऱ्या. कमानीखालून पायी पलीकडे गेलो आणि घड्याळ पंधरा मिनिटांनी पुढे केलं. एवढाच परदेश! बेलहियाच्या बाजूला एका टपरीतून दोन मुलींनी आम्हांला थांबवलं. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, तिलाच विचारलं : कुठून आलीस, बरोबर कोण, घरचा नंबर दे. मुली चांगल्या होत्या, मनापासून काम करत होत्या. तीस वर्षांपूर्वी मी अशाच टपऱ्यांसाठी निवेदनं लिहिली होती. तिने मान खाली घालून सगळी उत्तरं दिली. मला मात्र मान वर ठेवणं जमेना.

पुढे भैरहवाला जाताना तिने हात करून दाखवलं. गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ, मे २०२२ मध्ये सुरू झालेला, सीमेपासून जेमतेम काही किलोमीटरवर. "आमच्या घरापासून सायकलने जाता येतं," ती म्हणाली आणि हसली. घरासमोरचा विमानतळ टाळून ती मुंबईपर्यंत आली होती.

तिच्या आईने भात-डाळ-साग वाढलं. मुलगी आधी आमच्या मागे लपली, मग आईच्या मांडीवरून उठेना. सावकाराचा माणूस दुपारीच येऊन गेल्याचं म्हातारीने हळूच सांगितलं. निघताना तिने शाळेची एक वही आणि पेन माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, पत्ता हवा असेल. म्हणाली, "दिदी, मी परत जाणार, तुम्हांला खोटं कशाला सांगू? तिथे मालकाने पासपोर्ट काढून घेतला, मारलं, तर कोणाला फोन करायचा तेवढं लिहून द्या."

मी पिशवीतली डायरी काढली. त्यात मुंबईच्या पोलीस ठाण्यांचे नंबर होते, रेल्वे पोलिसांचे होते, चार आधारगृहांचे होते, दोन वकिलांचे होते. कुवेतचा एकही नव्हता.