फोन निवडताना : बॅटरीचा आकडा आणि वापराची मोकळीक

खरीपपूर्व प्रशिक्षणांत चहाच्या वेळी हल्ली बियाण्याइतकीच चर्चा फोनची होते. कृषी सहायक असो, कृषिसखी असो वा प्रयोगशील शेतकरी, प्रश्न बहुधा एकच असतो : "दोन फोन सारख्याच किमतीचे आहेत, एकाची बॅटरी मोठी, दुसऱ्यात बाकी सोयी जास्त. घ्यावा कोणता?" या प्रश्नाचे प्रचलित उत्तर "मोठ्या बॅटरीचा" असे आहे. अनेक वर्षे मीही तेच देत असे. आता देत नाही. निदान विस्तार कार्यकर्त्याला तरी देत नाही. त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

फोन हे आता आपल्या कामाचे अवजार झाले आहे, याविषयी दुमत नसावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र स्थाननिर्देशासह नोंदवावे लागते. भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये आणलेले 'मेघदूत' ॲप तालुक्या-जिल्ह्याचा कृषिहवामान सल्ला स्थानिक भाषेत देते. वीज पडण्याची पूर्वसूचना 'दामिनी' देते. नोंदणी, पंचनामा, प्रात्यक्षिकाचा अहवाल ही सारी कामे त्याच पडद्यावर होतात. असे अवजार दुपारी तीन वाजता मान टाकू लागले, तर बॅटरीची चिंता वाटणे स्वाभाविकच आहे.

माझेही तेच झाले होते. म्हणून काही वर्षांपूर्वी मी ६००० एमएएच बॅटरीचा फोन घेतला. तो रात्रीपर्यंत सहज चाले, आणि मी त्यावर प्रसन्न होतो. पुढच्या पावसाळ्यात सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर भाताची पाहणी करताना पानांवर ठिपके दिसले. काही ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी. काही गोलसर, तपकिरी. पहिले करप्याचे वाटत होते, दुसरे तपकिरी ठिपके रोगाचे. दोन्ही बुरशीजन्यच, पण दुसरा रोग बहुधा जमिनीच्या अन्नद्रव्यांच्या कमतरतेकडे बोट दाखवतो, त्यामुळे सल्ला बदलतो. माझा विषय पीकपोषण. रोगनिदानावर एकट्याने शिक्कामोर्तब करण्याचे धाडस मी केले नाही. छायाचित्रे वनस्पतिरोगशास्त्रज्ञांकडे पाठवून संध्याकाळपर्यंत उत्तर मिळवायचे ठरले.

पाड्यावर एकाच कंपनीचे नेटवर्क येत होते, आणि ते माझ्या फोनमधील सिमचे नव्हते. त्या कंपनीचे सिम माझ्या पाकिटात होते. कारण त्या फोनला दोन सिम किंवा एक सिम आणि एक मेमरी कार्ड, एवढीच जागा होती. यालाच 'हायब्रिड स्लॉट' म्हणतात, हे मला खरेदीनंतर कळले. फोनची अंतर्गत साठवण भरलेली असल्याने छायाचित्रे कार्डावर गेली होती. एका शेतकरी ताईंची सेफ्टी पिन घेऊन भुरभुरत्या पावसात तो ट्रे उघडला, कार्ड काढले, सिम बसवले. नेटवर्क आले, पण छायाचित्रे कार्डासोबत बाहेर! पुन्हा छायाचित्रे काढेपर्यंत अंधारून आले, आणि जी निघाली ती निदानाला उपयोगी पडण्याजोगी नव्हती. बॅटरी तेव्हा ६८ टक्के होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले : करपाच. तोवर दोघा शेतकऱ्यांनी दुकानदाराने दिलेले कीटकनाशक फवारून टाकले होते. बुरशीवर त्याचा परिणाम शून्य, खर्च मात्र पुरा. त्या दोघांना पुढे भेटलो तेव्हा त्यांनी मला बोल लावला नाही. तो लावला असता तर बरे वाटले असते.

या अनुभवाने मला एक साधा भेद शिकवला. बॅटरीची उणीव बाहेरून भरून काढता येते; सिमची जागा, कार्डाची जागा, जोडणीची सोय ही फोन घेतल्यानंतर भरून काढता येत नाही.

हिशेब करून पाहू. ५००० आणि ६००० एमएएच या दोन बॅटऱ्यांतील फरक ऊर्जेच्या भाषेत जेमतेम ४ वॅट-तास भरतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत होणारी गळती वजा केली तरी २५ च्या आसपास हाती लागतात. म्हणजे ५००० चा फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी ऊर्जा उरते. ("१०,००० म्हणजे दोनदा भरणार" हा समज चुकीचा आहे. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, ती वाचावी.) जो फरक खिशातल्या एका डबीने भरून निघतो, त्यासाठी फोनमधील कायमची सोय सोडणे शहाणपणाचे नाही.

शिवाय खोक्यावरचा आकडा शेतात तसाच्या तसा उतरत नाही. मनोरा दूर असला की फोन जास्त शक्ती लावून संपर्क साधत राहतो. भर उन्हात पडदा पूर्ण उजेडावर ठेवावा लागतो. पाहणी करताना स्थाननिर्देशन आणि कॅमेरा दोन्ही चालू असतात. शहरात दीड दिवस चालणारा फोन डोंगराळ भागात दुपारीच निम्म्यावर येतो, तो यामुळे. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात काही काळ 'एअरप्लेन मोड' लावणे, हा उपाय मोठ्या बॅटरीहून स्वस्त आहे.

आणि उष्णता. लिथियम-आयन बॅटरीचा तो खरा शत्रू. ॲपल कंपनी आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानते. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मोटारसायकलच्या हँडलला उन्हात लावलेला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला फोन पूर्ण चार्ज असेल, तर त्याची बॅटरी अधिकच लवकर म्हातारी होते. आज ६००० असलेला आकडा अशा वापरात दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ६००० राहत नाही. तेव्हा खरेदीच्या दिवशी विचारायचा प्रश्न "बॅटरी केवढी?" याहून "ती बदलून कोठे मिळेल, आणि किती रुपयांत?" हा आहे. तालुक्याच्या गावी अधिकृत सेवा केंद्र नसेल, तर फोन कितीही उत्तम असला तरी मी तो घेणार नाही.

या बाबतीत युरोपीय संघाने पाऊल उचलले आहे. तेथे २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही किमान ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे, असा नियम आहे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता-बसवता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. पण दुकानात दोन फोन समोर ठेवल्यावर त्यांची दुरुस्तीयोग्यता ताडून पाहण्याचे सोपे साधन अजून ग्राहकाच्या हाती नाही.

लवचीकता म्हणजे घडी घालता येणारा महागडा फोन नव्हे, हे वेगळे सांगायला नको. मला अभिप्रेत आहे ती कामाची मोकळीक : दोन सिम आणि कार्ड यांना स्वतंत्र जागा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा किडी पाहण्याचा छोटा यूएसबी सूक्ष्मदर्शक जोडता येईल अशी ओटीजी सोय, कोणत्याही टाइप-सी चार्जरने बऱ्या वेगाने भरण्याची क्षमता. हा शेवटचा मुद्दा दुर्लक्षिला जातो. ८० वॅटचे वेगवान चार्जिंग पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्याच चार्जरने मिळते. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट सॉकेटवर तोच फोन रेंगाळतो. आयफोनला सॉफ्टवेअर अद्यतने दीर्घकाळ मिळतात, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यात मेमरी कार्ड बसत नाही. अँड्रॉइडमध्येही कार्डाची जागा आता कमी होत चालली आहे. तसे असल्यास अंतर्गत साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नको.

मात्र माझे हे मत सर्वांना लागू नाही. वस्तीवर राहणाऱ्या, रात्रीच्या पाळीच्या विजेवर पाणी भरणाऱ्या आणि वादळी पावसात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या शेतकऱ्याने मोठी बॅटरीच घ्यावी. त्याचा फोन एका शिवारात असतो, तेथे कोणते नेटवर्क चालते हे त्याला ठाऊक असते, आणि रात्री विहिरीवर तोच फोन त्याचा दिवाही असतो. दहा गावे फिरणाऱ्या कार्यकर्त्याची गरज निराळी. दोघांना एकच सल्ला देणे म्हणजे कोरडवाहू आणि बागायतीला एकच वाण सुचवणे.

म्हणूनच कार्यालयीन एकगठ्ठा खरेदीची मला अधिक काळजी वाटते. निविदेत बॅटरीचा किमान आकडा ठळकपणे लिहिला जातो, कारण तो मोजायला सोपा. त्यासोबत चार ओळी वाढवाव्यात : सिम आणि कार्डासाठी स्वतंत्र जागा अथवा पुरेशी अंतर्गत साठवण, पावसाच्या सरींत टिकेल असे संरक्षण, जिल्ह्यात बॅटरी बदलण्याची लेखी हमी, सुरक्षा अद्यतनांची किमान वर्षे. आणि प्रत्येक फोनसोबत एक पॉवर बँक. अंतिम निवडीपूर्वी दोन-तीन नमुने एखाद्या डोंगराळ मंडळातील कृषी सहायकाच्या हाती आठवडाभर द्यावेत. वाणाची शिफारस बहुस्थानी चाचणीशिवाय आपण करत नाही. हजारो कार्यकर्त्यांच्या अवजाराला तेवढी एक चाचणी जड नाही.

माझा तो ६००० चा फोन आता घरीच असतो. बॅटरी अजून चांगली आहे.