चहात बुडविलेले जुनेपण

अमेरिकेतील कित्येक घरांच्या फळ्यांवर आज चिंध्यांच्या ओबडधोबड बाहुल्या विराजमान झालेल्या दिसतात. मांजरपाट कापायचा, कापूस भरून शिवायचा, चहा-कॉफीच्या पाण्यात बुडवून ओव्हनमध्ये वाळवायचा. की कालची बाहुली शंभर वर्षांची भासू लागते! ‘प्रिमिटिव्ह’ म्हणजे आदिम, असे या शैलीचे नाव.

मूळ बाहुल्या मात्र सजावटीसाठी नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात तेथील आया उरल्यासुरल्या कापडातून त्या मुलींसाठी शिवीत. त्यांवरचे डाग लेकरांच्या हातांचे असत. ऱ्होड आयलंडमधील इझाना वॉकर यांनी १८७३ साली कापडी बाहुलीचे पेटंट घेतले, तेही खेळण्यासाठीच.

यंत्रयुगाने वस्तू स्वस्त केल्या, पण हाताची ऊब हिरावून घेतली. त्या उबेचा शोध स्वाभाविक आहे. चहाच्या रंगाने तिचा आभास निर्माण करणे ही मात्र आत्मवंचना होय. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरलेल्या मराठी मनाला हे सांगावे लागू नये. गोधडी वापरानेच जुनी होते.

बाहुली जरूर शिवावी. पण फळीवर न ठेवता एखाद्या मुलीच्या हाती द्यावी. जुनेपण तिला आपोआप येईल.