चिमणीचा दाणा पारव्याच्या चोंचींत

सांप्रत आमच्या नंदाखाल गांवीं व शेजारील आगाशी-विरारकडील वाड्यांतून, उन्हाळा लागतांच अंगणांत अथवा गच्चीवर पांखरांसाठीं दाणापाणी ठेवण्याचा प्रघात वाढत चालला आहे. हेतु स्तुत्य आहे. परंतु त्या दाण्याचा लाभ कोणास होतो हें पाहूं लागल्यास निराशा पदरीं येते. दाणा ठेवावा चिमणीसाठीं आणि खाऊन जावा पारव्यानें. भाकरीचा चुरा ठेवावा साळुंकीसाठीं आणि उचलावा कावळ्यानें, असा प्रकार चालतो. या गोष्टीचा विचार बागाईतदारांनीं अवश्य केला पाहिजे. कारण लहान पांखरांशीं आपला संबंध केवळ दयेचा नसून पिकाचाही आहे.

चिमणी दाणे खाते हें खरें; तथापि तिचीं पिलें पहिले कांहीं दिवस मुख्यत्वेंकरून अळ्या व मऊ किडे यांवरच वाढतात, आणि ते वेंचून आणण्यासाठीं नर व मादी दिवसभर वाडीत खेपा घालीत असतात. शिंपी पक्षी तर बहुतांशीं किड्यांवरच जगतो. चीन देशांत १९५८ सालीं चिमणीस धान्याची वैरीण ठरवून तिचा सरसहा संहार करण्यांत आला. पुढें किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० सालीं वैऱ्यांच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेकणाचें नांव घालावें लागलें. हा धडा आपण फुकटांत शिकावा.

आतां मोठीं पांखरें कां वरचढ होतात तें पाहूं. पारवा हा मूळचा कड्याकपारींत राहणारा. उंच इमारतींचे सज्जे व खिडक्यांवरचे छज्जे हे त्यास आयते कडेच होत. चिमणीस मात्र कौलांखालची फट किंवा भिंतीचें भोंक लागतें. कौलें जाऊन स्लॅब आले, तेव्हां एकाचीं घरें वाढलीं व दुसरीचीं मोडलीं. त्यांत पारव्याचें वजन सुमारें ३०० ग्रॅम, आणि चिमणीचें २५ ते ३०. उघड्या जागेवर ही झुंज व्हावयाचीच नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करितां आम्हांस एक गोष्ट पक्की कळून आली. मदत चावडीच्या मध्यभागीं ओतून ठेवली म्हणजे वांटप होत नाहीं. जो धट्टाकट्टा तो पुढें सरतो आणि जिच्यासाठीं मदत आली ती विधवा दाराबाहेर उभी राहते. यादी, रांग व माप हीं तिन्ही असलीं तरच दुर्बळास त्याचा वांटा पोंचतो. पांखरांची यादी करितां येत नाहीं. परंतु जागा, माप व दाण्याची जात हीं आपल्या हातीं आहेत.

मुंबईचा दाखला ताजा आहे. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन फुफ्फुसांचा विकार जडतो, म्हणून २०२५ च्या जुलै महिन्यांत राज्य सरकारनें तेथील ५१ कबुतरखाने बंद करण्यास महानगरपालिकेस सांगितलें. ऑगस्टांत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकण्यांत आला. त्यावर मोठा क्षोभ झाला; प्रकरण उच्च न्यायालयांत आधींच गेलें होतें. आपल्या अंगणांत लहानसा कबुतरखाना नकळत उभा राहूं नये, एवढा बोध त्यांतून घेणें इष्ट.

तर करावें काय? दाणा उघड्यावर पसरूं नये. दीड इंच चौकटीच्या तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यांत मधोमध ताटली ठेवावी. जाळीपासून ताटली वीतभर आंत असावी, म्हणजे बाहेरून मान घालून दाणा टिपतां येत नाहीं. चिमणी व मुनिया सहज आंत जातात. पारवा व कावळा बाहेर राहतात. दाणा बारीक असावा: राळा, बाजरी, तांदळाची कणी. मका, हरभरा किंवा शिळा भात व पाव ठेवूं नये. त्यानें पारवे, कावळे व उंदीर जमतात. मूठभर सकाळीं व मूठभर सायंकाळीं पुरे. ढीग दिसला कीं मोठीं पांखरें मुक्काम ठोकतात. ओटीच्या वाशास भाताच्या लोंब्यांची जुडी टांगल्यास आणखी सोपें. तिला लोंबकळणें लहान पांखरांस जमतें, पारव्यास जमत नाहीं. पाणी दोन इंचांहून खोल नसावें, रोज बदलावें, व ताटली घांसून धुवावी. औषध चोळलेलें बियाणें उरलें तर तें पांखरांपुढें कदापि टाकूं नये. तें विष आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हींच पांखरें भात दुधांत आला म्हणजे लोंब्या फोडतात. खरें आहे, त्या दिवसांत शेतावर राखण ठेवावी व शेतालगत दाणा घालूं नये. परंतु दोन-तीन आठवड्यांच्या नुकसानीसाठीं वर्षभराची चाकरी गमावणें हा हिशेब चुकीचा होय. दुसरा आक्षेप दयेचा: पारव्यास व कावळ्यास भूक नाहीं काय? आहे. पितरांच्या नांवें कावळ्यास घांस ठेवणाऱ्यानें तो खुशाल ठेवावा. पण शहराच्या उकिरड्यावर व सांडलेल्या धान्यावर त्यांचा निर्वाह होतो. चिमणीचा होत नाहीं. ज्यास मिळतें त्यासच आणखी देणें ही दया नव्हे.

शेवटीं एक गोष्ट दाण्याहून महत्त्वाची आहे. शिंपी, दयाळ यांस दाणा लागतच नाहीं, आणि शिंजीर तर केळफुलांतील मधासाठीं येतो. त्यांचें अन्न म्हणजे आपली वाडी. जिवंत कुंपण तोडून सिमेंटची भिंत घातली आणि आठवड्यास दोनदां फवारणी केली, मग अंगणांत ताटली ठेवून काय उपयोग? नाशिकचे श्री. मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमणीच्या नांवें पाळला जातो. त्या दिवशीं आपल्या संघाच्या प्रत्येक सभासदानें निदान एका बांधावरचें अडुळशाचें वा मेंदीचें कुंपण राखण्याचा, व फुलोऱ्यावर फवारणी टाळण्याचा निश्चय करावा, अशी आमची विनंति आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, नंदाखाल